टो-बार राहिला

प्रिय मित्रा,

तुझं मेडिकल झालं, पुढच्या महिन्यात पायलटच्या ट्रेनिंगला जातोयस हे वाचून फार आनंद झाला. म्हणूनच घरी अजून न सांगितलेली गोष्ट आधी तुला लिहितो. गेल्या मंगळवारी माझ्या हातून विमानाचं प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, गेलं. हवेत नाही रे, हँगरच्या दारात.

सकाळी सेसना 172, आमचं छोटं विमान, ओढून बाहेर काढलं. त्यासाठी पुढच्या चाकाला टो-बार, म्हणजे लोखंडी दांडा, अडकवतात. मग फेरी मारून सगळं बघितलं : तेल, फ्लॅप, इंधनात पाणी आहे का. आता बार काढणार, तोच कुणीतरी वहीत सही मागितली. सही केली आणि थेट आत जाऊन बसलो. आतून नाकाखालचं चाक दिसतच नाही. 'क्लिअर प्रॉप' ओरडलो, किल्ली फिरवली. इंजिनाने पकडलं, दांडा उसळला आणि खण्ण! मिक्स्चर, म्हणजे इंधनाचा दांडा, ओढून इंजिन बंद केलं. उतरून पाहतो तर बार लांब फेकला गेलेला आणि पात्याच्या टोकाला नखाएवढी खोक.

हँगरमध्ये कंप्रेसर चालू होता, आवाज कुणाच्या कानावर गेला नव्हता. एवढीशी तर खोक, कानस मारली की झालं, असं मनात आलं. तुझ्यापासून काय लपवू? मिनिटभर मी तसाच उभा होतो.

मग सरांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, या इंजिनाला मधे गिअरबॉक्स नाही, प्रॉप सरळ क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, बोल्ट केलेलं असतं. पात्याला बसलेला दणका शाफ्टमधून इंजिनाच्या मागच्या बाजूच्या गिअरपर्यंत जातो. चीर आत पडते, बाहेरून कळत नाही, आणि शाफ्ट तुटेल तेव्हा विमानात दुसरंच पोर बसलेलं असेल. हे इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनीही हेच सांगते : असा मार बसला की इंजिन खोलून तपासा. दुसऱ्या पोराचं ते वाक्य ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

आणखी एक. मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद असला तरी प्रॉपला कधी उगाच हात लावू नकोस. इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतात. त्यांची अर्थिंगची तार तुटलेली असेल, तर किल्ली खिशात असतानाही पातं हलवताच इंजिन पकडू शकतं आणि पातं अचानक फिरू शकतं.

आता आत चढण्याआधी मी नाकासमोर जाऊन उभा राहतो, चाक बघतो, मगच दार उघडतो. मधे कुणी हाक मारली तर फेरी पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्याकडे टो-बार कुठे ठेवतात ते पहिल्याच दिवशी बघ आणि मला कळव. आईबाबांना मी रविवारी फोनवर सांगणार आहे. काकूंना नमस्कार.

तुझाच