दंड वाढवून ब्रेक लवकर लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गावर मोठा अपघात झाला की ‘दंड वाढवा, लायसन रद्द करा’ अशी पत्रे येऊ लागतात. बेदरकार चालकाला दंड हवाच. पण सोलापुरात रोज दिसणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा गाडी नीट येत नसल्यामुळे होतात आणि ज्याला येत नाही त्याला पावती फाडून येऊ लागत नाही. म्हणून दंडाऐवजी शिक्षणाची आणि स्वयंचलित गाडीची बाजू मांडतो.

आसरा चौकात किंवा सात रस्त्याला थोडा वेळ उभे राहून पाहावे. सरळ जाणारा चारही इंडिकेटर लावून चौकात घुसतो. ‘मी सरळ चाललोय’ असे त्याला सांगायचे असते, पण बाजूने येणाऱ्याला त्यातला एकाच बाजूचा दिवा दिसतो आणि गाडी आपल्याकडे वळतेय असे त्याला वाटते. डावा आरसा मिटलेला असतो. उघडा असला तर त्यात निम्मी स्वतःचीच गाडी. आरशात आपल्या गाडीची जेमतेम कड दिसावी आणि क्षितिज आरशाच्या मध्यावर यावे, एवढी साधी जुळणीही कोणी शिकवलेली नसते. वर्तुळाच्या चौकात आधी आत असलेल्याला पुढे जाऊ द्यायचे, हा नियमही तसाच. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते. काहीतरी बिघडले असे समजून बरेच जण नेमका त्याच क्षणी पाय उचलतात. पेडल शेवटपर्यंत दाबून ठेवायचे आणि स्टिअरिंगने वाट काढायची, यासाठीच तर एबीएस आहे.

हे येणार कुठून? शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. ती दिली की तीस दिवसांनी पक्क्या लायसनचा अर्ज. चाचणीत आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणे. रात्रीचा महामार्ग, पाऊस, समोरच्याचा अप्पर (डोळ्यांवर येणारा लांबचा झोत), मागून चिकटलेला ट्रक यांपैकी काहीच नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये केलेल्या नियमांत मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. गल्लीतल्या क्लासात रोज अर्धा तास, तोही दुसरा ब्रेक शिक्षकाच्या पायाखाली, यात ते कसे भागावे?

तरीही समजा, सगळ्यांना उत्तम शिकवले. मग उरते ते माणसाचे शरीर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत जाग्या, सावध माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. पुढे कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८. डिप्परचा, म्हणजे खाली झुकवलेल्या झोताचा, कामाचा उजेड ४० ते ५० मीटर. म्हणजे डिप्परवर ८० ने जाणारा प्रत्येक जण न दिसलेल्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. आता पुणे किंवा विजापूर रोडवर गाळप हंगामातली, ट्रॅक्टरमागची उसाच्या दोन ट्रॉल्यांची जोडी डोळ्यासमोर आणा. मागे दिवा नाही, आणि रिफ्लेक्टर असलाच तर बाहेर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला.

स्वयंचलित गाडीतले रडार रेडिओ लहरींनी समोरची वस्तू ओळखते, त्याला उजेड लागत नाही. यंत्राने ओळखून ब्रेक लावायला ०.३ सेकंद धरला तर सुरुवातीचे अंतर ७ मीटरच होते. गाडी तीच, ब्रेक तेच, पण ६८ ऐवजी ४२ मीटरमध्ये थांबते. स्वयंचलित गाडीच्या बाजूने माझा मुख्य मुद्दा हाच आहे. ती दारू पीत नाही, झोपत नाही, हे झाले वरचे.

मात्र शोरूममध्ये ‘अडास’ (चालकाला मदत करणारी यंत्रणा) म्हणून जे विकले जाते ती स्वयंचलित गाडी नव्हे. ती स्वयंचलनाची दुसरी पायरी: हात स्टिअरिंगवर, जबाबदारी तुमचीच. तिच्यात एक मोठी खोच आहे. दिशादर्शक कमान, पुलाचा कठडा, पाट्या यांच्यापुढे गाडी उगाच थांबू नये म्हणून अनेक रडार प्रणाली स्थिर वस्तूंकडून परत येणारे संकेत बरेचसे गाळून टाकतात. त्यामुळे कडेला पंक्चर होऊन उभा असलेला ट्रेलर भर वेगात वेळेवर ओळखला जाईलच असे नाही. गाडीसोबतच्या पुस्तिकेत हा इशारा असतो, पण ती पुस्तिका प्लास्टिकमधून बाहेर निघत नाही. पुढची काच बदलली आणि कॅमेऱ्याची जुळणी (कॅलिब्रेशन) पुन्हा केली नाही, तर लेनचा अंदाज चुकतो. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवला तर रडारच आंधळे होते. हे गार्ड २०१७ पासून बेकायदा आहेत, तरी दिसतातच. रस्त्यावर पट्टे नसतील तर लेन सांभाळणारी यंत्रणा गप्प बसते.

खरी चालकविरहित गाडी लिडार (लेसरने अंतर मोजणारे यंत्र), रडार आणि कॅमेरे एकत्र वापरते. अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाशिवाय प्रवासी नेतात. चुका तिथेही झाल्या. २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेंपे शहरात उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला ठार केले. समोर काय आहे याबद्दल संगणकाचे मत शेवटपर्यंत बदलत राहिले होते. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझच्या टॅक्सीने पडलेल्या पादचारी महिलेला फरफटत नेले. परवाना निलंबित झाला आणि कंपनीला ९५० गाड्यांची प्रणाली सुधारावी लागली. इथे फरक दिसतो. एका गाडीची चूक सापडली की सगळ्या गाड्या सुधारतात. आपल्याकडे मोडनिंबजवळ एकाला लागलेली डुलकी मोहोळजवळच्या दुसऱ्याला काहीही शिकवत नाही.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही असे सांगितले. कारण दिले चालकांच्या रोजगाराचे. ती काळजी खोटी नाही. पण २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत चालकही होते. सरसकट ‘नाही’ म्हणण्यापेक्षा कुठे आणि कोणत्या अटींवर, हे ठरवावे. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात गाडी स्वतः चालत असताना होणाऱ्या चुकीची जबाबदारी आत बसलेल्यावरून काढून कंपनीवर टाकली. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सगळे काही लायसनधारक माणसाभोवतीच फिरते.

नवी पेठेत किंवा गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत असली गाडी आणा असे कोणी म्हणत नाही. तिथे ती जागची हलणार नाही. सुरुवात रात्रीच्या मालवाहतुकीपासून, प्रवेशनियंत्रित रस्त्यावर व्हावी. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी आपल्याच जिल्ह्यातून अक्कलकोटकडे जाते. रस्ता आखतानाच एक टप्पा चाचणीसाठी ठेवता येईल. आयआयटी हैदराबादचे ‘तिहान’ हे स्वयंचलित वाहनांचे चाचणी केंद्र संगारेड्डीजवळ कंदी येथे आहे, म्हणजे आपल्या हैदराबाद रोडवरच, राष्ट्रीय महामार्ग ६५ लगत. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या रस्त्यांचे चित्रण त्यांना द्यायला हरकत काय? बैलगाडी, उसाची ट्रॉली, वारीच्या दिंड्या हे नमुने फिनिक्समध्ये मिळणार नाहीत. जड वाहनांना आपोआप ब्रेक लावणारी आणि चालकाची झोप ओळखणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला. तो पातळ न करता लागू व्हावा आणि एसटीच्या रातराण्यांपासून सुरुवात व्हावी.

एक काम मात्र याच हंगामात होऊ शकते आणि ते यंत्राच्या व माणसाच्या दोघांच्याही डोळ्यांना उपयोगी आहे. साखर कारखान्यांनी वजनकाट्यावरच तपासावे: मागच्या ट्रॉलीला चालू लाल दिवा, मागे लाल, बाजूला पिवळी परावर्तक पट्टी. दिवा ट्रॉलीच्या फळीवर नको, उसाच्या बाहेर येईल अशा लोखंडी दांड्यावर हवा, आणि त्याची वायर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन्ही ट्रॉल्यांमधून मागेपर्यंत नेलेली. दिवा नसेल तर काटा नाही.

– एक मोटार प्रशिक्षक, जुळे सोलापूर