हिंदीकडे न वळणाऱ्या भाजीवाल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

अमराठी मंडळींना मराठी शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांकडून हे पत्र. मंडईच्या कडेला, सोसायटीच्या फाटकाशी, स्टेशनबाहेर, जिथे म्हणून तुमची पाटी असते तिथे आमचे विद्यार्थी येतात. "दोन जुडी पालक द्या," म्हणतात. तुम्ही "दोन जुड्या? घ्या," म्हणता आणि पालक पिशवीत टाकता. हसत नाही, "रहने दो, हिंदी में बोलो" असंही म्हणत नाही. आभार मानायचे आहेत ते एवढ्यासाठीच. पण या एवढ्याशा गोष्टीत काय काय दडलंय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

समोरचा अडखळला की हिंदीत वळायचं, हा पुण्या-मुंबईच्या माणसाचा चांगुलपणाच. शिकणाऱ्याला मात्र त्यातून वेगळंच ऐकू येतं: आपलं मराठी चालत नाही. तीन-चारदा तसं झालं की तो तोंड उघडायच्या आधीच हिंदी धरतो, मग वर्गात शंभर वाक्यं पाठ असली तरी ती वहीतच राहतात. दुसऱ्या टोकाला "इतकी वर्षं इथं राहता, मराठी येत नाही?" हा दम. त्याने माणूस बोलायला नाही, टाळायला शिकतो. घाबरलेल्याचं अर्धं लक्ष 'चुकलं तर?' यातच अडकतं आणि वाक्य जुळवायला उरतं ते उरलेलं. काल येणारा शब्द आज ऐन वेळी दगा देतो तो त्यामुळे.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळी छातीत होणारी धडधड किंवा नसलेली धडधड. यांत सगळ्यात भक्कम वाट पहिली. म्हणून "अरे वा, काय छान मराठी बोलता!" यापेक्षा तुम्ही तोलून दिलेली पावशेर मिरची मोठी. कौतुक तोंडदेखलं असू शकतं. मिरची मागितली आणि मिळाली, यात शंकेला जागाच नाही. कौतुक करूच नका असं नव्हे, पण पाचव्या शब्दालाच शाबासकी मिळाली की आपलं बोलणं म्हणजे नवलाई आहे, हे बिचाऱ्याला बरोबर कळतं.

आता चुका. तुमच्या पाटीत मराठीची तिन्ही लिंगं शेजारी शेजारी रचलेली असतात: तो कांदा, ती भेंडी, ते वांगं. हिंदी बोलणाऱ्याकडे दोनच, त्यामुळे तो "वांगा चांगला आहे का?" विचारतो. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना तो-ती हा भेदच नाही, त्यामुळे तिथल्या माणसाची भेंडी 'ताजा' होते. गुजराती मंडळींना नपुंसकलिंग घरचंच, ती इथे लवकर सुटतात. लसूण तो की ती, यावर आपलंच एकमत नाही, तेव्हा तिथे सगळ्यांना माफी. "कोथिंबीर ताजा आहे?" याला तुमचं उत्तर असतं, "ताजी आहे, आत्ताच आलीय." 'ताजी'वर किंचित जोर. चूक दाखवली नाही, बरोबर रूप तेवढं कानावर घातलं.

ही पद्धत वर्गात तशी लंगडीच पडते. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली छापलेला अभ्यास सांगतो की शिक्षक सर्वांत जास्त हीच वापरतात, पण मुलं तिची दखल घेतात ती तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळा. बाई नुसतं 'हो' म्हणतायत, असं मुलाला वाटू शकतं ना! तुमच्याकडे ती लागू पडते, कारण आमच्या मते, तुम्ही एका वेळी एकच शब्द नीट करता आणि तो बोलताना जुडी हातात असते.

शिवाय तुमचा तराजू. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत पाहिलं की शिक्षक प्रश्न विचारून सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात. वजन टाकून काटा स्थिर होईपर्यंत तेवढा वेळ सहज जातो, आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघत असता. याहून चांगली शिकवणी नाही.

म्हणून आम्ही विद्यार्थ्याला संध्याकाळी सातच्या गर्दीत पाठवत नाही, चारला पाठवतो. पहिल्या खेपेला दोन जिन्नस, दोन वाक्यं. गोची मात्र त्या वाक्यांत नसते, तुमच्या उत्तरात असते. "अजून काय?", "सुट्टे आहेत का?", "पिशवी आणलीय?", "निवडून घेता का?" हे चार प्रश्न कानाला ओळखीचे नसले तर तो पाठ केलेलं म्हणतो आणि मग ढिम्म उभा राहतो. तिसऱ्या खेपेला भाव विचारायचा. चौथ्या खेपेला असा प्रश्न, ज्याचं उत्तर आधी ओळखता येत नाही: "चाकवताची भाजी कशी करायची?" मग तुम्ही ताक, डाळीचं पीठ, शेंगदाणे, वरून लसणीची फोडणी असं सांगत सुटता. त्याला निम्मं कळत नाही, पोटात गोळाही असतो, तरी तो हसत परततो. भीती आणि मजा ही एकाच तराजूची पारडी नव्हेत. एक वर गेलं म्हणजे दुसरं खाली येतंच असं नाही.

एक विनंती. नवी तुकडी येतेय आणि तिचे आकडे कच्चे आहेत. पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न यांत ती हमखास गोंधळते. भाव सांगताना बोटं दाखवू नका, हवं तर दोनदा म्हणा. आणि फोनवरून पैसे देणार असतील तर रक्कम टाकायच्या आधी आकडा तोंडाने वदवून घ्या.

तुमचे,
मराठी शिकवणारे काही जण