भंगारातील ॲक्सलचे गुणोत्तर : सल्ला पूर्ण द्यावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांना एक सल्ला नेहमी दिला जातो : भंगारातून मागचा ॲक्सल घेताना चाक एकदा फिरवावे, तेवढ्यात पुढचा फ्लँज (इंजिनाकडून येणारा दांडा जिथे जोडतात ती चकती) किती वेळा फिरतो ते मोजावे, म्हणजे डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीचे) गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे फ्लँजचे किती फेरे, ते कळते. हा सल्ला अर्धा आहे आणि त्यामुळे उत्तरही नेमके अर्धेच येते.

साध्या डिफरन्शियलमध्ये क्राउन व्हीलचा (आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा) वेग हा दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी असतो. एक चाक अडवून दुसरे एक फेरा फिरवले, तर क्राउन व्हील अर्धाच फेरा घेते आणि ४.१ गुणोत्तराच्या ॲक्सलचा फ्लँज जेमतेम दोन फेरे फिरतो. म्हणून एक बाजू पक्की अडवून दुसरी दोन फेरे फिरवावी लागते. भंगारात चाके बहुधा नसतातच; तेव्हा अडवायच्या ड्रमच्या दोन बोल्टांमध्ये पहार घालून तिचे टोक जमिनीला टेकवले की काम होते. एका बाजूचा शाफ्ट आधीच कुणी काढून नेला असेल, तर मात्र दुसरी बाजू कितीही फिरवली तरी फ्लँज हलत नाही. अशा वेळी आतले दाते तुटले असे समजून चांगला ॲक्सल टाकून देणारेही आहेत.

मोजण्यापूर्वी एक खात्री करावी. फ्लँज हाताने घट्ट धरून एक ड्रम फिरवावा. दुसरा उलट दिशेने फिरला, तर डिफरन्शियल साधे आहे. ड्रम फिरतच नसेल, तर ते लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारे) किंवा वेल्डिंग करून जाम केलेले असू शकते. तेथे दोन्ही बाजू एकत्र फिरतात, म्हणून एकच फेरा मोजायचा असतो.

दोन फेऱ्यांवर भागवणेही मला पटत नाही. क्राउन व्हील आणि त्याला फिरवणारे छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, यांच्या ४१ आणि ११ दात्यांच्या जोडीचे गुणोत्तर ३.७३ येते, ३७ आणि १० दात्यांच्या जोडीचे ३.७०, खडूच्या खुणेकडे पाहून दोन्ही ‘पावणेचारला थोडे कमी’ एवढेच दिसते. तेच वीस फेरे फिरवले, तर पहिल्यात फ्लँज सव्वासदतीस फेरे घेतो आणि दुसऱ्यात बरोबर सदतीस. दात्यांमधली ढिलाई आधी एका दिशेला ताणून घ्यावी, मगच खूण करावी. झिजलेल्या ॲक्सलमध्ये त्या ढिलाईनेही हिशेब चुकतो. अर्थात मागचे झाकण उघडता येत असेल, तर ही सारी खटपट नको. क्राउन व्हीलच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागावे, विषय संपला. बऱ्याचदा हे आकडे क्राउन व्हीलवर कोरलेलेही सापडतात. झाकणाच्या बोल्टाखाली लटकणाऱ्या पत्र्याच्या चिठ्ठीवर मात्र मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही, कारण क्राउन-पिनियन बदलणारा मेकॅनिक ती चिठ्ठी बदलतोच असे नाही.

एवढ्याशा फरकाचे काय, असे कुणी म्हणेल. ज्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, तिच्यात ४.१० च्या जागी ३.७३ चा ॲक्सल बसवला, तर काटा ताशी ६० किलोमीटर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावत असते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत तर पुढचे आणि मागचे गुणोत्तर जुळलेच पाहिजे. न जुळल्यास कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच शाफ्ट आणि गिअर एकमेकांविरुद्ध पिळले जातात.

आपल्या पत्रातून भंगार व्यावसायिकांना एक विनंती पोहोचवावी. ॲक्सल गाडीखालून काढण्यापूर्वी गाडीचे मॉडेल, वर्ष आणि ओळखपट्टीवर ॲक्सलचा क्रमांक असल्यास तोही हाऊसिंगवर (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर) ऑइल पेंटने लिहून ठेवावा. गाडीचा सांगाडा एकदा दाबून गेला की ती पट्टीही त्याबरोबर जाते, आणि ग्राहकाला पहार नि खडू घेऊन बसण्यावाचून इलाज उरत नाही.

आपला नम्र,
एक वाचक