बाबा, तुमच्या रजिस्टरबद्दल

लंडन
पोळ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर मी राजीनाम्याचं आणि सिकलसेलच्या पेशंटसाठीच्या मोबाइल ॲपचं सांगितलं आणि बाबा, तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतला. पुढे सगळं आईच बोलत होती. "काहून गं बाई, एवढी शिकली अन् आता मोबाइलचं काय करून राहिली?" फोन ठेवताना तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. तुमचं हे "बरं" मी बारावीपासून ओळखते. म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर मला मध्येच रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं.

आधी आईच्या काळजीचं. डॉक्टरकीची नोंदणी मी सोडलेली नाही. इथल्या मेडिकल कौन्सिलची फी चालू आहे, दर पाच वर्षांनी होणारं मूल्यांकनही देईन. महिन्याला चार नाइट ड्युट्या बालरोग विभागात करणार आहे, त्यात घरभाडं निघतं. कर्ज काढलेलं नाही. तुमच्या एफडीला हात लावायचा नाही, दादालाही तसं बजावून सांगा. हे आत्ताच का, तर कायमच्या रहिवासाचा परवाना गेल्या वर्षी मिळाला. त्याआधी नोकरी सोडली असती तर व्हिसाही गेला असता. सोडलंय ते ट्रेनिंगमधलं पद. अजून दोन वर्षांनी कन्सल्टंट झाले असते, आणि तुम्हाला तेच लागलंय हे मला कळतं.

आता एमबीबीएसनंतरच्या सरकारी बॉण्डच्या वर्षातली एक गोष्ट सांगते. तुम्हाला कधी नीट सांगितली नाही, कारण तेव्हा मलाच तिचा अर्थ लागला नव्हता. गडचिरोली जिल्ह्यातलं ते ग्रामीण रुग्णालय, श्रावणातली ओपीडी. सात वर्षांच्या एका मुलीला तिची आई पाठीवर घेऊन आली. पाय दुखतात म्हणून पोरगी कण्हत होती. दोन वर्षांपासून असंच होतं म्हणे, कुणी वात सांगितला, कुणी अंगारा लावला. डोळे पिवळे, पांथरी हाताला लागत होती. मी विचारलं, कधी रक्त तपासलं का? बाईंनी पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि घडीवर घडी घातलेला एक कागद. शाळेतल्या शिबिराचा. त्यावर लिहिलं होतं, "एसएस", म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

त्या बाईंनी तो कागद पावसापाण्यातून जिवापाड जपला होता. सरकारी कागद आहे, कधीतरी लागेल म्हणून. त्यावर काय लिहिलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणारा पुढच्या शाळेत गेला, रिपोर्ट मास्तरांकडे आला, मास्तरांची बदली झाली. एकाही माणसाला बोल लावावा असं त्यात नव्हतं. मुलगी वाचली. रक्त चढवलं, फॉलिक ॲसिड सुरू केलं, पुढे नागपूरला पाठवून दुखणं कमी करणारं हायड्रॉक्सियुरिआ लागू झालं. पण बाबा, त्या दोन वर्षांत त्या लेकराला किती रात्री दुखलं असेल! आणि उत्तर घरातच होतं, पिशवीत.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मला एक पाच दिवसांचं बाळ दाखवलं गेलं. इंग्लंडमध्ये पाचव्या दिवशी दाई घरी येते, बाळाच्या टाचेला टोचून कार्डावरच्या गोलांत रक्ताचे चार थेंब घेते. त्यात सिकलसेल कळतो. तीन महिन्यांचं व्हायच्या आत त्या बाळाला रोजचं पेनिसिलीन सुरू करायचं, कारण त्याची पांथरी लवकर निकामी होते आणि साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. दोन वर्षांचं झालं की दरवर्षी डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी, म्हणजे लकव्याचा धोका आधी कळतो. यातली एकही गोष्ट आपल्याला माहीत नाही अशी नाही. औषधं तर आपल्याकडे स्वस्त. फरक एवढाच, की इथे तारीख चुकली तर कुणाच्या तरी टेबलावर ते नाव वर येतं आणि फोन जातो.

इथलं सगळंच आलबेल आहे असंही नाही. सिकलचा पेशंट रात्री दुखण्यानं तळमळत इमर्जन्सीत आला तर अर्ध्या तासात वेदनाशामक मिळायला हवं, असा २०१२ पासूनचा नियम आहे. तरी तासन्‌तास बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ड्युटीवरच्या डॉक्टरला हा आजार क्वचित दिसतो, काय द्यायचं याची खात्री नसते, आणि दुखतंय यावर विश्वासही बसत नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलानं मला विचारलं होतं, "दरवेळी मी पहिल्यापासून का सांगायचं?" त्याचं बरोबरच होतं. मागच्या वेळी कशानं आराम पडला, हे त्या इमारतीतल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं होतंच.

त्या रात्री घरी येऊन मला त्या बाईंची पिशवी आठवली. आणि नंतर तुमचं रजिस्टर.

आठवतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला सायकलवर बसवून लॅबमध्ये न्यायचात? बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरचा वास आणि स्पिरिटचा वास. स्लाइडवर रक्ताचा थेंब, त्यात मेटाबायसल्फाइट, वर काच, कडेनं व्हॅसलीन लावून हवा बंद. मग थांबायचं. अर्ध्या तासानं मायक्रोस्कोपला डोळा लावून तुम्ही म्हणायचात, "बघ, कोयते झाले." गोल पेशींचे विळे झालेले मी तिथेच पहिल्यांदा पाहिले, आठवीच्या जीवशास्त्राच्याही आधी. १९५२ साली हे निलगिरीत सापडलं आणि १९५८ साली आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलबद्दल लिहिलं, हे तुम्ही ज्या अभिमानानं सांगायचात तो आवाज अजून कानात आहे.

पण मला जास्त आठवतं ते लाल पाठीचं लांब रजिस्टर. नाव, वय, गाव हे सगळेच लिहितात. तुम्ही बापाच्या नावाशेजारी आईचं नाव लिहायचात, आणि शेवटच्या रकान्यात "चिंचेजवळचं घर", "पोस्टाच्या मागे, पत्र्याचं दार" असं काहीतरी. मी विचारलं होतं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, एका टोल्यावर, एवढ्याशा वस्तीत, एकाच नावाच्या तीन पोरी असतात, बापाचं नावही तेच, आडनाव तर अर्ध्या गावाचं मडावी. पोस्टकार्ड टाकायचं तर कुणाला टाकू? म्हणजे तुम्ही पोस्टकार्डं टाकायचात. पगारात ते धरलेलं नव्हतं. किती आली परत?

आणि ते एक स्थळवाले काका. दुपारी लॅबमध्ये येऊन अमक्याच्या मुलीचा रिपोर्ट काय आला विचारत होते. तुम्ही त्यांना टपरीवरचा चहा पाजला, तर्री पोहे खाऊ घातले, आणि काही न सांगता रवाना केलं. रजिस्टर कपाटात, चावी शर्टाच्या खिशात. मी अकरा वर्षांची असेन.

आम्ही जे बनवतोय ते हेच रजिस्टर आहे, बाबा. फक्त ते तारीख विसरत नाही. आशाताईंच्या किंवा नर्सबाईंच्या फोनवर चालतं, रेंज नसली तरी नोंद होते, रेंज आली की पुढे जाते. ज्याचा रिपोर्ट आला त्याच्या घरी तो मराठीत बोलून सांगितला जातो, पुढे माडिया आणि गोंडीतही करायचं आहे. वाहक म्हणजे काय (स्वतःला त्रास नाही, पण बाळाकडे जाऊ शकतो), पीडित म्हणजे काय (ज्याला आजारच आहे), लग्नाआधी दोघांनीही का तपासायचं, दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता कशी असते. गोळ्या संपायच्या आधी फोन. हायड्रॉक्सियुरिआवर असलेल्याच्या रक्ततपासणीची आठवण. आणि पेशंटजवळ एक कार्ड, ते स्कॅन केलं की रात्रीच्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात कळावं की हा कोण, आजार कोणता, मागच्या वेळी काय दिलं. हा कार्डाचा भाग इथल्या एका हॉस्पिटलनं सहा महिने वापरून पाहायचं कबूल केलंय. इथली हॉस्पिटलं वर्षाचे पैसे भरतील आणि त्यावर विदर्भातलं काम चालेल, असा आमचा हिशेब आहे. आम्ही म्हणजे मी आणि एक इंजिनिअर मैत्रीण, तीही नोकरी सोडून आली आहे.

आईला वाटतं तसं माझं डॉक्टरपण यात वाया जात नाही. इंग्लंडमध्ये असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला नोंदणी असलेला एक डॉक्टर, नर्स किंवा तसाच दुसरा आरोग्यकर्मी सुरक्षेसाठी जबाबदार नेमावाच लागतो. आमच्याकडे ते काम माझं. त्यासाठी धोक्यांची एक वही ठेवायची असते. काय चुकू शकतं, त्यानं कुणाचं काय नुकसान होईल, ते टाळायला आपण काय केलं. पहिल्याच पानावर मी लिहिलं, "एका नावाच्या दोन मुली." उपाय म्हणून आईचं नाव आणि घराची खूण. ही तुमची कल्पना आहे हे मैत्रिणीलाही सांगितलंय.

डिसेंबरमध्ये घरी आले तेव्हा चार दिवस गडचिरोलीकडे गेले होते ना, ते यासाठीच. तिथल्या एका आशाताईंना ॲपचा स्क्रीन दाखवला. वाहक मुलीच्या नावासमोर आम्ही हिरवा रंग ठेवला होता. ताई म्हणाल्या, "हिरवा म्हंजे सुटली न मॅडम पोरगी? मंग नवऱ्याचं कायले तपासाचं?" आमच्या सहा महिन्यांच्या बैठकांत हे कुणालाही सुचलं नव्हतं. रात्री लॉजवर बसून रंगच काढून टाकले.

तुम्ही म्हणाल, हे सरकार करूनच राहिलं ना. करतंय, आणि चांगलं करतंय. १ जुलै २०२३ ला शहडोलहून मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. म्हणूनच मला घाई आहे. आत्ता गावोगाव रिपोर्ट हातात पडताहेत. त्यातले किती पिशवीत जातील? दोन वर्षं थांबून कन्सल्टंट हो आणि मग कर, हे तुमचं म्हणणं चुकीचं नाही. इथे नोकरीत राहून असलं काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी सरकारी योजनाही आहे, एक वर्ष मी तसं करून पाहिलं. झालं असं, की वॉर्डात असताना डोकं गावाच्या यादीत आणि यादी करताना डोकं वॉर्डात. मुलांच्या औषधांच्या डोसांत असं अर्धं लक्ष चालत नाही. दोन्हीकडे मीच एक धोका होऊन बसले असते.

आणि डॉक्टरनं दवाखान्याबाहेर जाणं आपल्याकडे नवीन आहे का? डॉ. अभय आणि राणी बंग आपल्या नागपूरच्या मेडिकलचेच. १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. नवजात बाळाला कसं तपासायचं, न्यूमोनिया कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं हे त्यांनी गावातल्या बायांना शिकवलं. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्यांची बरोबरी सांगत नाही, त्यांच्या अंगणातही उभं राहायची माझी लायकी नाही. पण हातातलं ज्ञान दुसऱ्या हातात दिलं तर ते किती लांब जातं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. एका गुंतवणूकदारानं विचारलं, ही सगळी माहिती औषध कंपन्यांना विकता येईल ना? मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, नावं काढून? पुन्हा नाही म्हटलं. तीन उंबऱ्यांच्या टोल्यावर नाव काढलं तरी माणूस ओळखू येतो, आणि "तिच्यात सिकल आहे" एवढ्या शब्दावर मुलीचं लग्न मोडतं. त्याचे पैसे आले नाहीत. भीती वाटत नाही असं नाही, अशा कंपन्या बंदही पडतात. दोन वर्षं पुरेल इतकी शिल्लक आहे. नाही जमलं तर पुन्हा वॉर्डात पूर्णवेळ, पाटी लावून.

आई, तू पाठवलेलं तिखट संपलं. इथल्या मिरचीत काही दम नाही. दिवाळीत येणारं कुणी असेल तर थोडं सावजी मसाल्याचंही बघ. पुडाच्या वड्या यंदा केल्यास तर फोटो नको पाठवू, जीव तळमळतो.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. सोबत वीस पानं छापून पाठवते आहे. रिपोर्ट सांगताना फोन जे मराठी बोलणार आहे, ते सगळं त्यात आहे. तुम्ही पस्तीस वर्षं लोकांना खिडकीतून रिपोर्ट सांगितलेत. कुठल्या शब्दाला लोक घाबरायचे, कुठल्या शब्दाला नुसती मान हलवून निघून जायचे, हे तुमच्याइतकं मला माहीत नाही. "पीडित" म्हणावं की दुसरं काही? "आयुष्यभराचा आजार" हे कितव्या वाक्यात यावं? तुमच्या लाल पेननं जिथे खोडाल तिथे खोडा, मी वाद घालणार नाही. पानांच्या मागच्या बाजू कोऱ्या सोडल्या आहेत. जुनं रजिस्टर लॅबमध्येच राहिलं असेल, पण रकाने तुम्हाला पाठ असतील. एका पानावर तेही आखून द्या.

कुरिअरचे पैसे भरलेले पाकीट सोबत आहे, धरमपेठेतल्या दुकानात नुसतं नेऊन द्यायचं. उन्हात जाऊ नका, संध्याकाळी जा.

तुमची,
लेक