धाडस हिरोचं का कोळ्याचं?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पिक्चरमधल्या थरारक सीनवर पूर्ण पान आलं होतं. हिरो पलंगावर पडलाय, छातीवरून हाताएवढा केसाळ टॅरांटुला कोळी चालून राहिला अन् हिरो श्वास रोखून आहे, असल्या सीनचं त्यात फारच कौतुक, नटानं केवढी हिंमत केली वगैरे. वाचायला मजा आली पण त्या अख्ख्या पानात कोळ्याचं पुढं काय झालं याच्यावर एक ओळ नाही, म्हणून लिहून राहिलो.

पहिले हिमतीचं पाहू. जेम्स बाँडचा पहिला पिक्चर १९६२ चा, त्यात बाँडच्या अंगावर असाच कोळी आहे, पण बाँड झालेल्या शॉन कॉनरीच्या अन् कोळ्याच्या मधात काच ठेवली होती अन् जिथं खरोखर अंगावर चालवला तिथं बॉब सिमन्स नावाचा स्टंटमॅन होता. यात कॉनरीला नावं ठेवायची नाहीत, माझ्या अंगावर सोडला तर मीही अंगणात पळीन. पण ज्याला एवढं भ्यायचं तो आहे कसा हे तरी सांगा ना. टॅरांटुला चावल्यानं माणूस मेला अशी पक्की नोंद जगात कुठं नाही. दुखते जरूर, अन् आपल्याच देशातल्या झाडावर राहणाऱ्या काही जातींचा चावा तर अंगात चांगले गोळे आणते, पण जीव जात नाही. त्याला दिसते कमी, तो सगळं अंगावरच्या केसांनी अन् पायाखालच्या हादऱ्यानं ओळखते, अन् माणसाची चाहूल लागली की बिळात शिरते. पिक्चरवाल्याची खरी पंचाईत इथंच, कारण त्याला पाहिजे अंगावर धावून येणारा.

मग धावायला लावायचं कसं? हवा मारून. १९५५ साली टॅरांटुलावरच एक अमेरिकन पिक्चर निघाला, त्यात खराच कोळी छोट्या छोट्या खोट्या डोंगरांवर सोडला अन् हवेच्या झोतानं पुढं ढकलत नेला, पडद्यावर तो राक्षसाएवढा दिसते. अन् १९७७ चा किंग्डम ऑफ द स्पायडर्स तर याचा कळसच. पाच हजाराच्या आसपास जिवंत टॅरांटुला गोळा केले, एका नगाला दहा डॉलर भाव, म्हणजे पाच लाख डॉलरच्या पिक्चरमधे पन्नास हजार नुसते कोळ्यांवर. एका डब्यात ठेवले तर एकमेकाला खातात म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा. अन् एवढं करून हे बिचारे नटापासून दूरच पळत, तर पंखे अन् हवेच्या नळ्या लावून लोकांच्या अंगावर हाकलले. नीट पाहिलं तर कितीतरी सीनमधे कोळी हल्ला करायचा सोडून कॅमेऱ्यापासून लांब चाललेला दिसते, नाहीतर जागेवर गप बसलेला. शेवटी गावावर हल्ला होते तेव्हा लोक पायाखाली तुडवतात, गाड्या वरून जातात, अन् चिरडलेले सगळे रबराचे नव्हते, खरेही होते.

यातले बरेच लाल गुडघ्यांचे मेक्सिकोतले होते. पिक्चरवाल्यांचा हा आवडता, कारण दिसायला भारी अन् स्वभावानं शांत. याची मादी वीस-पंचवीस वर्षं जगते अन् पोटची पिढी मोठी व्हायलाच कैक वर्षं लागतात, तर जंगलातून असे पोत्यानं उचलले तर मागं उरते काय? घरी पाळायच्या शौकापायी अजून उचलले, अन् शेवटी १९८५ साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस करारातून (धोक्यातल्या जंगली प्राण्या-झाडांच्या व्यापाराबद्दल देशादेशांनी केलेला करार) बंधनं आणावी लागली.

अजून एक गोष्ट, जी आमच्या गावातल्या पोट्ट्यांनाही मी नेहमी सांगतो. हा कोळी दिसायला दणकट पण पोट त्याचं पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं. कमरेएवढ्या उंचीवरून कडक जमिनीवर पडला तरी पोट फुटू शकते अन् आतला द्रव वाहून गेला की खेळ संपला, कारण त्याचे पाय सरळ होतात तेच त्या द्रवाच्या दाबावर. आता विचार करा, हिरोच्या हातावर कोळी ठेवला, हिरोनं दचकून झटकला, डायरेक्टर म्हणते वन मोअर. हिरोला काही नाही झालं, कोळ्याचा मात्र प्रत्येक टेकला जीव टांगणीला.

हे सगळं अमेरिकेचं म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या इकडं सातपुड्याच्या पायथ्याला मागच्या पावसाळ्यात काही पोरं शॉर्ट फिल्म करायला आली होती, जादूटोण्याची काहीतरी स्टोरी. मिरगाचा पाऊस पडला की धुऱ्यावरच्या बिळातून हे मोठे कोळी बाहेर निघतात, त्यातला एक त्यांनी धरला, प्लास्टिकच्या बरणीत घातला, दुपारभर बरणी उन्हात मोटारसायकलवर. मग मांत्रिक झालेल्या पोराच्या हातावर सोडला, त्यानं बोंबलून फेकला, लोक हसले. दुसऱ्या टेकला तो चाललाच नाही. मी बोललो तर उत्तर मिळालं, काका, कोळीच तर आहे.

तर काका सांगते की कायद्यात तो नुसता कोळी नाही. प्राण्यांशी क्रूरतेनं वागू नये म्हणून १९६० चा जो कायदा आहे त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव, सरळ तसंच लिहिलेलं आहे, त्यात बैल आला, कुत्रा आला अन् कोळीही आला. २००१ च्या नियमांनी पिक्चरमधे प्राणी वापरायचा तर आधी प्राणी कल्याण बोर्डाकडं नोंदणी लागते. बोर्ड आहे हरियाणात बल्लभगडला, आमच्या पोरांना कोण सांगते हे? थिएटरात लागणाऱ्या पिक्चरला निदान सेन्सॉरवाले कागद मागतात, यूट्यूबवर टाकायला कोणी काही विचारत नाही. अन् दंड म्हणाल तर क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा रुपये ते पन्नास रुपये, कैक वर्षांपासून तोच! अकोट बसस्टँडवर दोन जणांचा चहा-नाश्ता होत नाही त्यात.

आता कोणी म्हणन, तुम्ही शेतकरी पऱ्हाटीवर फवारणी करता तेव्हा कोळी मरत नाहीत का. मरतात, अन् ते नुकसान आमचंच, कारण तुडतुडे खाणारा फुकटचा गडी गेला. पण तिथं सालभराचं पीक तरी पणाला लागलेलं असते. इथं दोन मिनिटं लोकांनी किंचाळावं म्हणून जीव घ्यायचा, अन् तेही जेव्हा कॉम्प्युटरवर केसन् केस हुबेहूब कोळी बनते तेव्हा? बरं पिक्चर पाहून भीती अजून वाढते ते वेगळंच. आमच्याकडं आधीच समजूत आहे की कोळी अंगावर मुतला की फोड येतात (ते बहुतेक वेळा एका छोट्या किड्याचं काम असते, तो अंगावर चिरडला की त्याच्या रसानं कातडी भाजते), त्यात टीव्हीवर हे हिंदी डबिंगवाले पिक्चर, मग दिसला कोळी की काढली चप्पल.

माझं म्हणणं असं नाही की पिक्चरमधे कोळी दाखवूच नका. बिळाजवळ शांत बसून, त्याला हात न लावता शूटिंग करा, लय भारी दिसते, मी रात्री बॅटरी घेऊन जागा दाखवायला येतो. पण अंगावर चालवायचा असन तर खोटा वापरा. अन् साहेब, तुमच्या पुरवणीवाल्यांना एवढी विनंती की पुढच्या वेळी असल्या सीनबद्दल कोणत्या डायरेक्टरची मुलाखत घ्याल तर कोळी खरा होता का, कुठून आणला अन् शूटिंग संपल्यावर कुठं गेला, हे तीन प्रश्न त्याला विचारा अन् जे उत्तर मिळन ते छापा.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. अकोट, जि. अकोला