मॅडम, तुमच्या सहीनं काही होत नाही

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

विषय: परिचर्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना अधिकार देण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी एका शासकीय परिचर्या (नर्सिंग) महाविद्यालयाची प्रभारी प्राचार्य आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे, तिला उद्या कुठेतरी नोकरी मागायची आहे.

गेल्या महिन्यात पाचव्या सेमिस्टरची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, ही मुलगी मेडिसिनच्या वॉर्डात नाइटला होती. खाटा चाळीस, पेशंट साठच्या वर, उरलेले खाली गाद्यांवर. अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, एकच. रात्री साडेअकराच्या सुमारास रक्त काढताना पेशंटनं हात झटकला आणि सुई मुलीच्या बोटात घुसली. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह होता. अशा वेळी संसर्ग रोखणाऱ्या औषधाचा पहिला डोस दोन तासांच्या आत द्यायचा असतो आणि 72 तासांनंतर त्याचा उपयोग नसतो, हे मीच तिला शिकवलं आहे. तिला तो सकाळी पावणेनऊला मिळाला. फॉर्मवर कर्मचारी क्रमांकाचा रकाना होता आणि तिच्याकडे क्रमांक नव्हता. रात्रभर बासष्ट पेशंटांचं सलाईन, इंजेक्शन, बेडपॅन बघायला ती कर्मचारी होती. सुई टोचली तेव्हा ती विद्यार्थिनी झाली.

मी विचारलं, "अगं, मला फोन का नाही केलास? मी क्वार्टर्समध्येच होते ना." मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, सिस्टर म्हणाल्या, तुमच्या सहीनं काही होत नाही."

साहेब, सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. आणि ते खरं आहे.

आपल्याकडे महाविद्यालयाची प्राचार्य नर्स असते, पण तिच्यावर अधिष्ठाता, म्हणजे डीन, असतात आणि ते डॉक्टर असतात. माझ्या अधिष्ठात्यांशी माझं वैर नाही. त्यांच्या डोक्यावर सगळं रुग्णालय आहे. पण माझ्या मुलींची पोस्टिंग कुठे लागायची, त्यांच्या बसला डिझेल मिळायचं की नाही, सराव करायची मॅनिकिन (माणसाच्या आकाराचे पुतळे) आणायची की नाही, सगळ्यांवर सही त्यांची. वॉर्डात माणूस कमी पडलं की माझ्या वर्गातून मुली उचलल्या जातात. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना शिक्षिकेशिवाय नाइट लावू नये, असं मी दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं: "रुग्णसेवेत खंड पडणार नाही याची प्राचार्यांनी दक्षता घ्यावी."

शिक्षिका मी तरी कुठून पाठवू? वर्षाला साठ प्रवेश, चार वर्षांच्या मिळून 240 मुली. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष, म्हणजे चोवीस जणी हव्यात. आम्ही मला धरून नऊ आहोत, त्यांतल्या चार कंत्राटी. तपासणी आली की दुसरीकडच्या पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिक्षिका, चार दिवसांसाठी इथं हजर होतात, हे तपासणाऱ्यांना माहीत असतं, आम्हाला माहीत असतं, मुलींनाही माहीत असतं. याच मुलींना आम्ही पहिल्या वर्षी नीतिमूल्यं शिकवतो.

मागच्या 12 मेला, परिचारिका दिनाला, आमच्याकडे दिवे लावण्याचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावरून एका मोठ्या पाहुण्यांनी शब्द दिला की सहा महिन्यांत नियमित प्राचार्य आणि रिकामी पदं भरली जातील. मुलींनी इतक्या टाळ्या वाजवल्या की हातातले दिवे विझले. त्या शब्दाचा कागद मी मागायला गेले, तेव्हा कळलं की असा कागद कधी निघालाच नाही. माझी स्वतःची फाइल सहा वर्षं फिरते आहे. कार्यभार प्राचार्याचा, वेतन पाठ्यनिर्देशिकेचं. प्रत्येक वेळी एक नवी त्रुटी काढून परत येते. आईच्या दहाव्याला मी प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते, कारण माझ्या जागी सही करायला दुसरं कुणी नव्हतं. 2020 साली याच हातांनी पालकांची संमतिपत्रं गोळा करून मी मुलींना कोविड वॉर्डात पाठवलं. तेव्हा फुलं उधळली होती लोकांनी आमच्यावर.

1923 साली अमेरिकेत येल विद्यापीठात नर्सिंग स्कूल सुरू झालं, तिथल्या डीन झाल्या अ‍ॅनी गुडरिच. त्या नर्स होत्या. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आमच्याकडे नर्सनं स्वतःच्या मुलींची नाइट रद्द करायची म्हटली तरी तिला अर्ज करावा लागतो! भारतीय परिचर्या परिषदेचा 1947 चा कायदा बदलून 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतीविद्या आयोगाचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्याच वर्षी केंद्रानं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नवी नर्सिंग महाविद्यालयं मंजूर केली, 1,570 कोटी रुपये. इमारती होतील, मी खूश आहे. पण त्या इमारतींत माझ्यासारखीच एखादी प्रभारी बसवणार असाल, तर 157 ठिकाणी हाच फॉर्म आणि हाच रिकामा रकाना असेल.

डॉक्टर नर्सला हुकूम देतो, नर्स आयाला देते, आया पेशंटच्या नातेवाइकावर ओरडते. या उतरंडीत मुलगी शिकायला आली आहे हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. तिला हात म्हणून मोजतात.

तिचे वडील एसटीनं आले होते, कुठल्या गाडीत जागा मिळेल तसे, तीन गाड्या बदलून. माझ्यासमोर हात जोडून बसले. "मॅडम, पोरगी तुमच्या भरवशावर ठेवली." मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार होते?

मला नियमित प्राचार्य हवी, ती मी नसले तरी चालेल. मुलींची पोस्टिंग लावण्याचा आणि मागे घेण्याचा अधिकार तिचा हवा, महाविद्यालयाच्या खर्चासाठी बजेटमध्ये स्वतंत्र शीर्ष हवा, आणि सुई टोचली तर विद्यार्थिनीला कर्मचारी क्रमांक न विचारता औषध मिळावं. हे शेवटचं करायला तर पैसाही लागत नाही.

मुलीची 28 दिवसांची गोळ्यांची मुदत परवा संपली. मळमळीनं तिचं वजन उतरलं आहे. पुढची रक्ततपासणी अजून व्हायची आहे आणि तोवर ती घरी आईजवळही मोकळेपणानं बसत नाही.

सोमवारी नवी पोस्टिंग लागते आहे. तिसऱ्या वर्षाच्या एकाही मुलीला मी शिक्षिकेशिवाय नाइटला पाठवणार नाही. तसं आज दुपारी लेखी कळवलं आहे, पोचही घेतली आहे. कारवाई करायची असेल तर ती माझ्यावर करावी, मुलींच्या हजेरीवर नको.

आपली,
एक प्रभारी प्राचार्य