वाचून दाखवायचे पुस्तक वाचणाऱ्यालाही आवडायला हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादी प्रसिद्ध होते. आमच्या घरी ती कापून ठेवली जाते. या यादीत पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत आणि वयोगट दिलेला असतो. परंतु ज्या घरातील मूल अजून स्वतः वाचू लागलेले नाही, त्या घरी ते पुस्तक मोठ्याने वाचणार कोण आणि त्या व्यक्तीला ते कसे वाटेल, याचा विचार तिच्यात कधी दिसत नाही. माझ्या मते पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पुस्तक निवडताना हाच विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

याचे कारण व्यावहारिक आहे. या वयातील मुलाला एखादी गोष्ट आवडली की ते रोज रात्री तीच मागते, आणि दिवसभर काम करून दमलेल्या आईने एखादे वाक्य गाळले तर लगेच पकडते. वाचणाऱ्याला त्या गोष्टीत स्वतःला काही रस नसेल, तर आधी पाने गाळली जातात, मग आवाज सपाट होतो आणि काही दिवसांनी मुलाच्या हाती मोबाइल जातो. याउलट वडिलांनाही ज्या पुस्तकाची थोडी ओढ असते, ते जेवणे आटोपली की आपोआप बाहेर निघते. मुलाच्या हितासाठी म्हणून सोसलेले वाचन फार दिवस टिकत नाही.

बक्षीस समारंभात आणि वाढदिवसाला मिळणारी पुस्तके मात्र बहुधा सोसण्याच्याच जातीची असतात. जाड, गुळगुळीत कागदाची, भडक चित्रांची आणि प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य छापलेली. चौकट परवडली, ती वगळता येते. भाषेचे काय करायचे? ‘जेव्हा सशाने पाहिले की झाडामागे लपलेला असलेला कोल्हा त्याच्या दिशेने येत आहे, तेव्हा तो अत्यंत भयभीत झाला’ या धर्तीचे वाक्य डोळ्यांनी वाचताना खपून जाते, पण मोठ्याने वाचू लागले की अर्ध्यावरच दम लागतो आणि कोल्हा येऊन पोहोचेपर्यंत मुलाचे लक्ष उडालेले असते. ‘झाडामागून कोल्हा निघाला. ससा दचकला.’ एवढे लिहिले असते तर वाचणाऱ्याला मध्ये थांबता आले असते, डोळे मोठे करता आले असते. म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी दुकानातच त्याचे मधले एक पान हलक्या आवाजात वाचून पाहावे, असे माझे पालकांना सांगणे आहे. दुकानदार दोन क्षण पाहतो, मग आपल्या कामाला लागतो.

या कसोटीला उतरणारी पुस्तके मराठीत पुष्कळ आहेत, आणि खान्देशाला तर ती शोधायला लांब जावे लागत नाही. बालकवी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा. त्यांची ‘फुलराणी’ ही कविता मुलगी ऐकते ती हिरवळ, कळी आणि लग्नाची धामधूम यांसाठी. वाचणारी आई मात्र त्या कळीचे लाजणे आणि इतरांनी तिची केलेली थट्टा स्वतःशी हसत वाचते. एकाच ओळीत दोघींना वेगवेगळे सापडते, आणि मोठ्यांनाही आवडणाऱ्या बालसाहित्याची मला तरी हीच खूण वाटते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी इतरांनी उतरवून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. जी कविता जन्मालाच तोंडी आली, ती मोठ्याने वाचताना अडखळायला होत नाही, यात नवल नाही. सुगरणीच्या खोप्याच्या कवितेत शेवटी माणसाच्या दोन हातांचा आणि दहा बोटांचा उल्लेख येतो, तेव्हा मुले आपली बोटे मोजू लागतात. आपण मात्र पुढच्या कवितेकडे लगेच वळत नाही. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी विंदा करंदीकर यांच्या बालकविताही याच कारणासाठी घरात असाव्यात. त्यांच्या चक्रमपणाला मुले हसतात आणि त्यामागच्या मिश्कीलपणाला मोठी माणसे.

‘श्यामची आई’चा उल्लेख टाळणे शक्य नाही, विशेषतः अमळनेरहून पत्र लिहिताना. साने गुरुजी येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले. त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. एकाने सांगायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, अशीच त्याची मांडणी असल्यामुळे रोज एक रात्र वाचणे सहज जमते. तरीही ते पाच वर्षांच्या मुलाला सरसकट वाचून दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटच्या काही ‘रात्री’ वाचताना मोठ्यांचाच आवाज बसतो आणि लहान मूल गोष्टीऐवजी आईच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. आठ-नऊ वर्षांपर्यंत थांबावे. त्याच सुमारास भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घरी आणावा. त्याचे ते ‘ट्टॉक’ वडिलांना नीट करता आले नाही तर मुलगा करून दाखवतो, आणि पुढे काय झाले हे कळण्याची घाई दोघांनाही सारखीच असते.

अगदी लहानांसाठी चित्रपुस्तकेच योग्य, आणि त्यांत माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मला सर्वांत पसंत आहेत. मजकूर आणि चित्रे दोन्ही त्यांचीच असल्याने शब्दांत जे नाही ते चित्रात असते. आपण ओळी वाचत असताना मूल चित्र वाचत असते आणि आपल्याला न दिसलेली वस्तू बोट ठेवून दाखवते. प्रत्येक पान उलटण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कितीतरी घरांत आजी-आजोबा अहिराणी बोलतात, आणि छापील प्रमाण मराठी वाचताना ते उगाच संकोचतात. तसे होऊ नये. निवेदन पुस्तकातल्याप्रमाणे वाचून संवाद अहिराणीत म्हणायला कोणाची हरकत आहे? आमच्या घरी सासूबाईंचा कोल्हा सशाला ‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’ असेच विचारतो आणि मुलीला दुसरा कोल्हा चालत नाही. ज्या पुस्तकात पात्रे भरपूर बोलतात, ते पुस्तक अशा वाचनाला सोयीचे. ज्यात लेखकच सारखा बोलतो, ते गैरसोयीचे.

पुस्तके मिळण्याची अडचण जिल्ह्याच्या गावाबाहेर आहेच. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके त्या मानाने स्वस्त असतात. बालभारतीतर्फे नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांपैकी काही चाळताना मुलांपेक्षा पालकच अधिक रमतात. सार्वजनिक वाचनालयांबाबत मात्र थोडी तक्रार आहे. मी पाहिलेल्या एका वाचनालयात बालविभागाचे कपाट कुलूपबंद होते. नाव सांगितले की पुस्तक काढून देत. नाव आधीच ठाऊक असायला पुस्तक चाळावे लागते, आणि चाळायला कपाट उघडे लागते. आठवड्यातून एक संध्याकाळ ती कपाटे उघडी ठेवून पालकांना मुलांसह तेथेच बसून वाचू दिले, तर वाचनालयाला त्याचा फारसा खर्च येणार नाही.

अमळनेरात १९५२ आणि २०२४ अशी दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. अशा गावातील वाचक म्हणून आपल्याला एक विनंती आहे. यंदाची सुटीची यादी तयार करताना परीक्षणकर्त्यांनी प्रत्येक पुस्तक एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावे, वाचताना स्वतःला कंटाळा आला का हे प्रामाणिकपणे लिहावे, आणि वयोगटाच्या रकान्याशेजारी त्या पुस्तकातील दोन-तीन वाक्ये छापावीत. ती वाक्ये घरी म्हणून पाहिली की पुस्तक घ्यायचे की नाही, हे पालक ठरवतील.

आपली विश्वासू,
एक वाचक पालक
अमळनेर, जि. जळगाव